मुहूर्त सहा चाळीसचा

ॲरिझोनातल्या टूसॉनला आम्ही तीन आठवड्यांसाठी गेलो आणि अडीच महिने राहिलो. का राहिलो, ते मला आजही धड सांगता येत नाही. नवरा म्हणतो, तुलाच आवडलं होतं. मला वाटतं, त्यालाच आवडलं होतं. बहुधा दोघांनाही गाडी हलवायचा कंटाळा आला होता आणि आम्ही त्याला आवड म्हणत होतो.

गाडी म्हणजे आरव्ही. अठ्ठावीस फूट लांब, आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि उभं राहून जेमतेम वळता येईल असं न्हाणीघर. मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलवर गेला आणि न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसरचं घर आम्हाला एकदम मोठं झालं. नवरा म्हणाला, "यार, दोघंही लॅपटॉपवर काम करतो, मग एकाच जागी कशाला बसायचं? वर्षभर फिरू. घर रेंटवर देऊ." मी हो म्हटलं. त्या वेळी नक्की काय विचार करून हो म्हटलं, ते मला आठवत नाही. मी सॉफ्टवेअर तपासते. लोकांनी केलेल्या चुका शोधणं हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. स्वतःच्या आयुष्यात मात्र मी बऱ्याच गोष्टी न तपासता पुढे पाठवते.

त्या गावाने माझं डोकं चक्रावून सोडलं होतं. गावात नदी होती. तिच्यावर पूल होता, पुलावर नावाची पाटी होती, काठाने लोक सकाळी पळायला जात होते, आणि पाणी नव्हतं. एक थेंब नाही. नुसती वाळू. रस्त्यावर जागोजागी पाट्या होत्या की पूर असताना पुढे जाऊ नये. मी नवऱ्याला विचारलं, हे लोक आपली चेष्टा करतायत का? तो म्हणाला, येतो म्हणे पूर, एकदम येतो. मी अडीच महिने वाट बघितली, आला नाही. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी गाडीचं दार उघडलं की तव्यावरची वाफ तोंडावर यावी तसं व्हायचं. कणीक मळून झाकेपर्यंत तिला वरून पापुद्रा धरायचा. कपडे दोरीवर टाकून क्लिपा आणायला आत जावं तर बाहेर येईस्तोवर ते वाळलेले असायचे.

आम्ही उतरलो होतो त्या पार्कात आमच्यासारख्या शंभरेक गाड्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीला वीज, पाणी आणि सांडपाण्याची एकेक जोडणी, एक लाकडी टेबल आणि एक कुपोषित झाड. शेजारच्या गाडीत मिशिगनची एक बाई राहायची. पंचाहत्तरीची, विधवा, पूर्वी शाळेची बस चालवायची. दर हिवाळ्यात ती तिथे येऊन राहायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "घर कुठे तुमचं?" मी न्यू जर्सी म्हणाले. मग वाटलं, तिथे तर आता एक तेलुगू कुटुंब राहतंय. म्हणून म्हटलं, मूळची सातारा. मग म्हटलं, सध्या इथेच. ती बिचारी मान हलवत राहिली. तिसऱ्या उत्तरापाशी माझं मलाच हसू आलं.

पण गोंधळात गोंधळ होता तो वेळेचा. आमच्या गाडीत तीन घड्याळं होती. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर न्यू जर्सीची वेळ, कारण सगळी टीम तिकडे होती. मायक्रोवेव्हवर टेक्सासची वेळ, कारण येताना फ्रिस्कोला नवऱ्याच्या मित्राकडे थांबलो होतो, तेव्हा ती लावली आणि मग कुणी हात लावला नाही. आणि फोनवर त्या गावाची खरी वेळ. चौथं घड्याळ माझ्या डोक्यात होतं, भारताचं. ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. अठरा वर्षं न्यू जर्सीत राहून मला एकच गणित झोपेतसुद्धा येतं. हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चात घड्याळं पुढे गेली की भारत एक तासाने जवळ येतो आणि नोव्हेंबरात परत लांब जातो. जवळ आला की मला दर वर्षी बरं वाटायचं.

साताऱ्याला माझी मोठी बहीण असते. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि त्यानंतर माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी आजारपणं सगळं ताईने केलं. माझ्या लग्नातही आईच्या जागी तीच उभी होती. आमच्याकडे मुलीचं लग्न लागत असताना तिची आई मांडवात नसते. तिने मंगलाष्टकं ऐकायची नसतात. ती लांब तुळशीपाशी उभी राहून तुळशीला पाणी घालत राहते. माझं लग्न लागलं तेव्हा सगळे माझ्याभोवती होते आणि ताई कार्यालयाच्या मागच्या अंगणात तांब्या घेऊन उभी होती. तिचं स्वतःचं लग्न होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

तिला एकुलती एक मुलगी. तिचं लग्न मार्चमध्ये ठरलं.

मी जाणार होते. जाणार म्हणजे जाणारच, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पण जानेवारीत आमच्या कंपनीने बरीच माणसं काढली. घरून काम करणाऱ्यांवर जास्त नजर आहे अशी कुजबुज सुरू झाली, आणि मी तर घरूनही नाही, चाकांवरून काम करत होते. नेमकं लग्नाच्या आठवड्यातच आमचं नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं. मी साहेबाला विचारलं, दोन आठवडे सुट्टी घेऊ का? तो नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "इट्स युवर कॉल." या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला अठरा वर्षांत कळलेलं नाही. जा असा होतो की गेलीस तर बघ असा होतो? मी चार दिवस त्यावर विचार केला, नवऱ्याचं डोकं खाल्लं आणि शेवटी घाबरून सुट्टी मागितलीच नाही.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मला तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "येत नाहीस तर नाहीस. पण मंगलाष्टक तरी म्हण. फोनवरून. सगळं लाइव्ह करता येतं म्हणे हल्ली."

"रेकॉर्ड करून पाठवू का? म्हणजे ऐन वेळी नेटवर्कची भानगड नको."

"रेकॉर्ड केलेलं काय, कुणीही लावेल. त्या क्षणी तू असायला हवीस. पोरीची एकच मावशी आहे."

"तू ऐकणार नाहीसच ना पण?"

"मी तुळशीपाशी. मी कशी ऐकेन? मी मागाहून व्हिडिओत ऐकेन. आणि एक सांगते, मागे ती गाडी दिसू देऊ नकोस. विहीणबाईंना मी सांगितलंय की तुझं तिकडे मोठं घर आहे."

"आहेच की."

"मग त्यात राहत का नाहीस?"

ताई टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि खरं तर मलाही.

मंगलाष्टक मी स्वतः लिहिलं. आमच्या घरात गाणारी मी एकटी. ताईला सूर अजिबात नाही. आरतीलासुद्धा ती ओठ न हलवता नुसत्या टाळ्या वाजवते, आणि त्यासुद्धा भलत्याच ठिकाणी. मी आठ दिवस नदीच्या त्या वाळूकाठाने फिरत वृत्तात शब्द बसवत होते. "होती कालच ही कुशीत निजली, आली पहा मंडपी" ही ओळ सुचली तेव्हा मी रस्त्यातच थांबून रडले. समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसाने "आर यू ओके?" म्हणून विचारलं. कडवं ताईला मेसेजमध्ये लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "छान. मुहूर्त संध्याकाळी सहा चाळीसचा. दहा मिनिटं आधी फोन लाव."

आता मार्च. लग्न गुरुवारी आणि त्याच्या आधीच्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली. पण ॲरिझोनातली जात नाहीत. या राज्याने तो खेळ कधीच सोडून दिलाय. हे मला माहीत नव्हतं. सोमवारी मी सकाळची मीटिंग चुकवली. न्यू जर्सीत नऊला असते ती मीटिंग आदल्या शुक्रवारपर्यंत माझ्याकडे सातला व्हायची, ती अचानक सहाला व्हायला लागली. मी सातला लॉगिन केलं तर कुणीच नाही. साहेबाचा मेसेज, "ऑल ओके?" मला घाम फुटला. ज्या नोकरीपायी भाचीचं लग्न सोडलं, तिच्याच मीटिंगला मी गायब. त्यानंतर मी दोन दिवस पाचला उठत होते.

म्हणजे घड्याळाच्या बाबतीत मी चांगली पोळलेली होते. तरीही मुहूर्ताचं गणित करताना माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. हिवाळाभर टूसॉन ते भारत साडेबारा तास होते, हे मला पाठ होतं. आणि मार्च आला की एक तास कमी करायचा, हेही मला पाठ होतं. अठरा वर्षं पाठ होतं. साडेबारातून एक गेला, राहिले साडेअकरा. सहा चाळीसमधून साडेअकरा वजा, म्हणजे सकाळी सात दहा. फोनमध्ये बघता आलं असतं. पण जे गणित आपण इतकी वर्षं तोंडी करतो, ते फोनला कोण विचारतं? नवऱ्याला मात्र विचारलं. तो बाहेर सांडपाण्याचा पाइप जोडत होता. "सात दहा ना रे?" म्हटलं. तो म्हणाला, "हो, करेक्ट." त्याने काही एक मोजलेलं नव्हतं. मी इतक्या ठामपणे विचारते की समोरच्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं, असं त्याचं नंतरचं म्हणणं.

उलट मला वाटलं, देवानेच वेळ जुळवून दिली. सहा ते साडेसहा मीटिंग, मग चहा, मग मंगलाष्टक. कुठेच खाडा नाही.

गुरुवारी मी साडेचारला उठले. पार्कच्या सामायिक न्हाणीघरात जाऊन आंघोळ केली आणि गाडीतल्या त्या दोन फुटांच्या बोळात ताईने दिलेली पैठणी नेसायला घेतली. पदर फ्रिजच्या दारात अडकला. हवेतल्या कोरडेपणामुळे जरीला हात लावला की चटका बसत होता. नवरा पलंगावर पाय वर घेऊन बसला होता, कारण मी नेसत असताना त्याला उभं राहायला जागाच नव्हती. नथ घातली, गजरा नव्हता म्हणून केसात शेजारच्या संत्र्याच्या झाडाची दोन फुलं खोवली. सहा वाजता अशा थाटात मी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले. कॅमेरा बंद. फोन सायलेंट करून उपडा ठेवला. मीटिंगमध्ये फोन वाजलेला साहेबाला आवडत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की बेचाळीस तपासण्या पास झाल्या, तीन फेल झाल्या आणि त्यातली एक मला गंभीर वाटते. साहेब म्हणाला, गुड कॅच. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की नोकरी वाचली असंच मी मनाशी म्हटलं. खिडकीतून डोंगरांवर उजाडताना दिसत होतं. मीटिंग साडेसहाच्या पुढे पाच मिनिटं लांबली.

मग मी चहा केला. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. सा लावून बघितला. नवऱ्याने बाहेर लाकडी टेबलावर फोन उभा करायला दोन पुस्तकं आणि लोणच्याची बरणी मांडली होती, आणि मागे गाडी न दिसता नुसता डोंगर दिसेल अशी खुर्ची ठेवली होती. मिशिगनची बाई ठेवणीतला ब्लाउज घालून, स्वतःची खुर्ची घेऊन आली. आदल्या दिवशी मीच तिला बोलावलं होतं. तिने विचारलं, नवरीला कळेल का मी बघतेय ते? मी म्हटलं, मी सांगेन.

सातला फोन हातात घेतला तर अकरा मिस्ड कॉल. सगळे ताईच्या नंबरावरून. मला हसू आलं. म्हटलं, लग्नघर आहे, तारांबळ उडाली असेल, मी तयार आहे ना बघत असतील. फोन लावला.

पडद्यावर आधी एक पंखा दिसला, मग एक माणूस दिसला. तो जिलेबी खात होता. त्याच्यामागे पंगत. माणसं जेवत होती, वाढपी मठ्ठा घेऊन फिरत होते. मला काही उलगडेना. मुहूर्ताच्या आधी जेवणं? सातारकरांनी ही पद्धत कधी काढली? फोन हलला आणि लांब व्यासपीठावर भाची दिसली. तिच्या गळ्यात हार होता. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाच्या गळ्यातही हार होता. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, फोटोसाठी आधी घालून घेतले असतील. हल्ली फोटोग्राफर काहीही करायला लावतात.

मग पडद्यावर ताईचा चेहरा आला. नाकात नथ, कपाळ घामाने चमकत होतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "छान म्हटलंस हो. फार छान झालं."

तिने फोन बाजूला वळवला.

"या विहीणबाई. ही माझी धाकटी बहीण, जिने आत्ता म्हटलं ना अमेरिकेतून, ती."

हिरव्या शालूतल्या एक बाई पडद्यात आल्या आणि त्यांनी हात जोडले. "शब्द फार सुरेख होते हं. लांबून येत असल्यामुळे आवाज जरा फाटत होता, पण डोळ्यांत पाणी आलं आमच्या."

आणि मी म्हटलं, "थँक यू."

हे मी का म्हटलं ते विचारू नये. समोरचा कौतुक करतो, आपण थँक यू म्हणतो. ताई म्हणाली, "ठेवते आता, पाठवणी व्हायचीय, उद्या बोलू." फोन बंद झाला. मी पैठणी नेसून वाळवंटात एका लाकडी टेबलासमोर बसले होते. मिशिगनची बाई म्हणाली, "झालं? मला काही कळलं नाही." मी म्हटलं, मलाही नाही.

नवऱ्याने कागद आणला. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ते गणित कागदावर मांडलं. भारताचं घड्याळ बदलत नाही. ॲरिझोनाचं घड्याळ बदलत नाही. जिथे दोन्हीकडची घड्याळं जागची हलतच नाहीत, तिथे अंतर कसं बदलेल? साडेबारा ते साडेबाराच. सहा चाळीस म्हणजे सकाळी सहा दहा. सहा दहाला मी काय करत होते, ते मला मिनिटामिनिटाने आठवत होतं. मी बेचाळीस पास, तीन फेल सांगत होते. नवरा म्हणाला, "सॉरी." मी त्याच्यावर ओरडले. मग ओरडल्याबद्दल रडले. पैठणी न सोडताच पलंगावर पडून राहिले आणि आठ वाजता परत लॅपटॉप उघडून कामाला बसले, कारण गंभीर असलेली ती चूक त्यांना दुपारपर्यंत दुरुस्त हवी होती.

पण मग म्हटलं कुणी? दिवसभर माझ्या डोक्यात हा एकच भुंगा. कडवं तर माझंच होतं. विहीणबाईंनी शब्दांचं कौतुक केलं होतं. नवरा म्हणाला, गुरुजींनी वाचलं असेल. गुरुजींचा आवाज बाईचा कसा वाटेल? तो म्हणाला, तू प्रॅक्टिस करतानाचं काहीतरी चुकून सेंड झालं असेल. मी फोन उलटापालटा करून बघितला. काही गेलं नव्हतं. आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ताईने ऐकलं कसं? ती तर तुळशीपाशी होती. मुलीच्या आईने ऐकायचं नसतं, ही गोष्ट ती मोडणाऱ्यातली नाही. एकादशीला चुकून साबुदाण्यात हळद पडली तर पुन्हा करणारी बाई ती. मग ती न ऐकताच छान झालं म्हणाली का? मला वाईट वाटू नये म्हणून? की तिला खरंच कुणी सांगितलं नसेल, आणि मी म्हटलंच असं ती धरून चालली असेल? म्हणजे मी म्हटलं काय आणि न म्हटलं काय, सारखंच होतं? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. एका क्षणी तर मला असंही वाटून गेलं की जाऊ दे, सगळे समाधानी आहेत, मी म्हटलंय असंच समजू. वेळ निभावली. कुणाला काय कळणार आहे?

तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ व्हायची वाट बघत बसले. यावेळी फोनमध्ये वेळ बघितली, दोनदा. ताई एकटी होती. मांडवपरतणीच्या तयारीसाठी बाकीचे बाहेर गेले होते. आवाज बसलेला होता तिचा.

मी सरळच सांगितलं. "ताई, मी म्हटलं नाही. मी वेळ चुकले. मी मीटिंगमध्ये होते."

"माहितीये," ताई म्हणाली.

"माहितीये म्हणजे?"

"अगं म्हणजे काय? अकरा फोन केले आम्ही. तिकडे गुरुजींनी माइकवरून सांगून टाकलं, आता वधूची मावशी अमेरिकेतून मंगलाष्टक म्हणणार. सगळे अक्षता धरून उभे. माझी नणंद माझा मोबाइल घेऊन पळत पळत तुळशीपाशी आली, म्हणाली, वहिनी, फोन उचलत नाहीत. मुहूर्त काय थांबतो का कुणासाठी?"

"मग?"

"मग काय, तांब्या दिला नणंदेच्या हातात, म्हटलं तू घाल पाणी, मी लावून देते फोन. आणि गेले आत. साउंडवाल्याचं टेबल व्यासपीठाच्या पडद्यामागे होतं, तो पुढे स्पीकरपाशी गेलेला, तिथे एकटीच उभी राहिले. मोबाइलवर तुझा मेसेज उघडला आणि माइकवर म्हटलं."

"तू म्हटलंस? तू?"

"होय. काय वाईट म्हटलं नाही. लोकांना वाटलं, अमेरिकेतून येतंय, म्हणून आवाज तसा येतोय." आणि ती हसली. मीही हसले. ताई गातेय या कल्पनेनेच मला हसू आवरेना. मग एकदम आवरलं.

"अगं पण मुलीच्या आईने..."

"ऐकायचं नसतं. ठाऊक आहे मला." ती म्हणाली. "आता तुझ्यापायी तेही झालं. पोरीला काही होऊ नये म्हणजे झालं, एवढंच मनात येतंय सकाळपासून."

मी म्हटलं, असं काही नसतं गं. हे म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. असं काही नसतं हे मला माहीत आहे. पण ताईला ते असतं, आणि ते असूनही ती तांब्या ठेवून आत गेली होती. भाचीच्या सासरच्या लोकांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून. मी माझ्या साहेबासमोर माझी फजिती होऊ नये म्हणून तिच्याकडे गेले नव्हते.

"तू मला तिथेच का नाही सांगितलंस? विहीणबाईंसमोर छान म्हटलंस म्हणालीस, मी खुळ्यासारखी थँक यू म्हटलं."

"मग काय सांगू त्यांना? एकच बहीण आहे ती पण नाही आली, आणि फोनवरसुद्धा नाही आली?"

ताई भांडी लावायला लागली, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ती रागावेल आणि मग सगळं सरळ होईल. पण ती रागावली नाही. घरातलं रोजचं काहीतरी सांगावं तशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांना वाटलं तू आहेस. पोरीलासुद्धा. ती अंतरपाटाआड रडायला लागली, मावशी म्हणतेय म्हणून. त्या अख्ख्या कार्यालयात मला एकटीलाच माहिती होतं की तू नाहीयेस."